घोळीचं जिवंत आच्छादन : मुख्य पिकाच्या ओळींत घोळ कशी लावावी, कशी खुडावी

पिकाच्या दोन ओळींमधली उघडी जमीन फार दिवस उघडी राहत नाही. तिथे तुम्ही काही लावलं नाही, तर तण आपण होऊन बस्तान बसवतं. घोळ हेही त्यातलंच एक तण, फक्त खाता येणारं. तीच मुद्दाम, ठरलेल्या पट्टीत आणि ठरलेल्या वेळी वाढवली तर जमिनीवर थेट ऊन पडत नाही, ओल टिकते, पावसाच्या थेंबांनी माती उडत नाही, बाकीच्या तणांना जागा उरत नाही आणि वर कोवळी पालेभाजी मिळते. अट एकच : तिला बी धरू द्यायचं नाही. ही अट पाळली तर आच्छादन, नाही पाळली तर पुढची कित्येक वर्षं खुरपणी. एका जोमदार रोपाला लाखाच्या वर बी येऊ शकतं आणि मातीत गाडलं गेलेलं बी दशकानुदशकं जिवंत राहतं. म्हणून इथे पेरणीइतकंच खुडणीवर लिहिलं आहे.

कोणती घोळ घ्यावी

साधी रानघोळ जमिनीलगत पसरते. मोकळी जागा मिळाली तर एक रोप ३० ते ६० सेंमी व्यासाची जागा व्यापतं, उंची मात्र १५-२० सेंमीच्या वर सहसा जात नाही. आच्छादनासाठी हीच चांगली. मोठ्या पानांची किंवा पिवळसर झाक असलेली जी लागवडीची घोळ मिळते ती उभट वाढते, ३०-४० सेंमीपर्यंत जाते. भाजी भरपूर देते, पण जमीन झाकायची तर ती दाट लावावी लागते आणि तिचे शेंडे वेळच्या वेळी खुडून तिला आडवं वाढायला भाग पाडावं लागतं.

चिवळ ही घोळीची धाकटी बहीण. पानं जेमतेम अर्धा ते एक सेंटीमीटर, पेरांवर पांढरे केस, फुलाला चार पाकळ्या (घोळीला बहुधा पाच). तिच्या पेरापेराला मुळं फुटत जातात, त्यामुळे ती मातीला अगदी चिकटून पसरते. उथळ कुंडीत, मिरचीच्या किंवा लिंबाच्या झाडाच्या बुंध्याशी लावायला चिवळ जास्त सोयीची. मोठ्या वाफ्यात मात्र खुडायला वेळखाऊ. चिनी गुलाब हा याच कुळातला, पण शोभेचा. रोपवाटिकेतल्या शोभेच्या रोपांवर कोणती औषधं मारलेली असतात ते कळत नाही, म्हणून खाण्यासाठी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

रानातून काड्या आणणार असाल तर ओळख पक्की करूनच. घोळीची खोडं गुळगुळीत, मांसल, बहुधा तांबूस. पानं जाड, देठाकडे निमुळती, टोकाला गोल. एक काडी मोडून पाहा. आतून पाण्यासारखा स्वच्छ रस आला पाहिजे. पांढरा चीक आला तर ती दुधी-नायटीच्या जातीतली वनस्पती आहे. तीही अशीच जमिनीवर पसरते, तिचं खोडही तांबूस असतं, पण पानं पातळ असतात आणि ती खायची नाही. दुसरा घोटाळा पांढऱ्या घेटुळीशी होतो. तिची समोरासमोरची दोन पानं आकाराने उघड लहान-मोठी असतात आणि फुलं गुलाबी-पांढरी, पानाच्या बगलेत दडलेली. घोळीचं फूल पिवळं, फांदीच्या टोकाला, आणि उन्हाच्या दिवशी सकाळचे काही तासच उमललेलं.

रस्त्याकडेची, सांडपाण्यावरची किंवा कारखान्याच्या आसपासची घोळ बेण्यासाठी आणली तर एक वेळ चालेल, खाण्यासाठी नाही. मातीतले जड धातू ही वनस्पती उचलते. अशा जागचं बेणं लावलं तर जुनी वाढ टाकून नवे फुटवेच वापरावेत.

कोणत्या पिकाखाली जमते

घोळीला दिवसाला निदान सहा तास ऊन हवं. चार तासांवर ती तग धरते, पण पेरं लांबतात, पानं विरळ होतात आणि जमीन झाकण्याचा हेतूच बाजूला पडतो. म्हणजे सोबतीचं पीक उंच हवं, पण गच्च सावली करणारं नको. आणि ते घोळीच्या आधी जमिनीत पाय रोवून उभं असलं पाहिजे.

या कसोटीला भेंडी सर्वांत चांगली उतरते. ओळींत ४५ ते ६० सेंमी, रोपांत ३० सेंमी अंतर ठेवलं की वरून ऊन झिरपत राहतं. भेंडी तोडायला दर दोन-तीन दिवसांनी ओळीतून फिरावंच लागतं, त्याच फेरीत घोळीच्या कळ्यांवर नजर राहते. हा फायदा कागदावर क्षुल्लक वाटतो, प्रत्यक्षात सगळ्यात मोठा आहे.

मिरचीखाली घोळ सर्वांत जास्त दिवस टिकते, कारण मिरचीचं झाड फार आडवं होत नाही आणि वाफ्यात महिनोन्‌महिने राहतं. ६० × ४५ सेंमी अंतर ठेवा. मिरचीची बरीच मुळं वरच्या थरात असतात, म्हणून बुंध्याभोवती १५ सेंमीचं वर्तुळ कायम मोकळं ठेवायचं. वांग्याला हेच लागू, पण त्याची पानं रुंद. ७५ × ६० सेंमीपेक्षा जवळ लावलंत तर दीड-दोन महिन्यांत घोळ सावलीत जाते. खालची जुनी पानं काढत राहिलात तर आणखी थोडे दिवस मिळतात.

टोमॅटो काठीला बांधलेला असेल तरच घोळ लावावी. जमिनीवर लोळणाऱ्या टोमॅटोखाली दोन्ही पिकं कुजतात. बुंध्यापासून २५-३० सेंमी उंचीपर्यंतची पानं काढून टाकावीत. इथे आच्छादनाचा खास उपयोग असा की मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडत नाहीत. मातीतून येणारे करप्यासारखे रोग बऱ्याचदा याच वाटेने चढतात. पण घोळ २० सेंमीच्या वर वाढू दिली तर बुंध्याशी हवा खेळत नाही आणि तोच रोग दुसऱ्या वाटेने येतो. टोमॅटोखाली घोळ बुटकीच ठेवायची.

मक्याची जोडी जुनी आणि सोपी, पण अल्पकाळाची. ओळींत ६०-७५ सेंमी अंतर असताना मधल्या ३० सेंमी पट्टीत घोळ येते, दोन कापण्या देते, आणि मका पानांनी ओळ झाकायला लागला की फिकट पडते. घोळीचं सोटमूळ कडक जमीन फोडतं आणि त्या वाटेने मक्याची मुळं खोल जातात, असं सांगितलं जातं. त्याच्या भरवशावर नांगरट किंवा खणणी टाळू नका. जमीन मोकळी करणं हे तुमचं काम, झाकणं घोळीचं.

चवळी-घेवड्यासारखे मांडवावरचे वेल चालतात, फक्त मांडव अशा बाजूला हवा की त्याची सावली पट्टीवर पडणार नाही. पपई आणि तरुण फळझाडांच्या आळ्याच्या कडेने घोळ छान येते.

कांदा, लसूण आणि गाजर यांच्यात घोळ लावू नये. या पिकांची सुरुवातीची वाढ इतकी सावकाश असते की घोळ त्यांना गिळून टाकते. मेथी-कोथिंबिरीसारख्या मुळासकट उपटायच्या भाज्यांत खाली आच्छादन ठेवण्यात अर्थच नाही. काकडी, भोपळा, दोडका जमिनीवर पसरवायचे असतील तर तेच आच्छादनाचं काम करतात. शिवाय काकडीवरचा मोझॅक विषाणू घोळीतही राहू शकतो, म्हणून ही जोडी मुळातच टाळलेली बरी. जिथे आधीच्या पिकाच्या मुळांवर गाठी दिसल्या होत्या तिथेही घोळ नको. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी घोळीच्या मुळांवर पोसले जातात आणि पुढच्या वांग्या-टोमॅटोसाठी तयार राहतात.

आधी कोण, मग कोण

बहुतेकांचं गणित इथे चुकतं. दोन्ही पिकं एकाच दिवशी लावली तर घोळ जिंकते, कारण उष्ण जमिनीत तिची वाढ भाजीच्या रोपांपेक्षा झपाट्याने होते. मुख्य पिकाचे पहिले तीन ते सहा आठवडे स्पर्धेच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात. त्या काळात ओळी स्वच्छच हव्यात.

मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं लावल्यावर त्यांना नवी पालवी फुटून ती सरळ वाढायला लागेपर्यंत थांबा. याला दोन ते तीन आठवडे लागतात. भेंडी किंवा मका जागेवर पेरला असेल तर तो २०-२५ सेंमी उंच होऊ द्या. या मधल्या काळात दोन हलक्या खुरपण्या करा. पहिल्या खुरपणीनंतर पाणी दिलं की वरच्या थरातलं बरंचसं तण उगवून येतं. ते बोटभर असतानाच दुसरी खुरपणी अगदी वरवर, दोन सेंटीमीटरपेक्षा खोल न जाता करायची. खोल खुरपलं की खालचं नवं बी वर येतं आणि आधीची मेहनत पाण्यात जाते. घोळ पेरायची ती या दुसऱ्या खुरपणीनंतर.

बी टाकणं

घोळीचं बी काळं, चकचकीत आणि इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये काही हजार दाणे मावतात. एका चौरस मीटरला पाव ग्रॅम पुरतं. बी जुनं असेल तर अर्धा ग्रॅम. नुसतं टाकायला गेलात तर एकाच जागी ढीग पडतो. मूठभर कोरड्या बारीक वाळूत मिसळा आणि अर्धं मिश्रण उभ्या दिशेने, अर्धं आडव्या दिशेने भुरभुरवा.

माती आधी बारीक करून सपाट हवी. ढेकळं असतील तर बी फटीत खोल पडतं आणि तिथेच राहतं, कारण या बियाला रुजायला उजेड लागतो. म्हणून वरून माती ओढायची नाही. फळी ठेवून किंवा तळहाताने हलकं दाबायचं, एवढंच. पाणी बारीक छिद्रांच्या झारीने, धार उंच न धरता. ओल टिकावी म्हणून वर गोणपाट टाकण्याची सवय अनेकांना असते. इथे ती सोडावी. त्याऐवजी पहिला आठवडाभर दिवसातून दोनदा हलका शिडकावा करा.

जमिनीचं तापमान २५ अंश सेल्सियसच्या वर असेल तर चार ते सात दिवसांत अंकुर दिसतात. तीस अंशांच्या आसपास त्याहूनही लवकर. पंधरा अंशांच्या खाली बी रुजायला फार कुरकुर करतं. थंडीत पेरून वाट पाहण्यात हशील नाही. जमीन तापेपर्यंत थांबणं किंवा काड्या उबदार जागी कुंडीत रुजवून ठेवणं बरं.

दोन-दोन खरी पानं आली की विरळणी करा. आच्छादनासाठी रोपांत १० ते १५ सेंमी अंतर पुरे. उपटलेली रोपं धुऊन खाता येतात. विरळणी टाळली तर रोपं उंच-किरकोळ होतात आणि गर्दीच्या ताणाने लवकर कळ्या धरतात, म्हणजे नेमकं जे नको तेच.

काड्यांपासून

पट्टी लहान असेल तर काड्याच लावा. बियापेक्षा दोन-तीन आठवडे वाचतात आणि रोपं नेमकी हवी तिथे येतात. कळ्या नसलेली, पेन्सिलीपेक्षा बारीक पण कोवळी लुसलुशीत नसलेली फांदी निवडून ८ ते १० सेंमीची काडी घ्या. खालच्या अर्ध्या भागावरची पानं काढा. चार-पाच तास सावलीत ठेवून कापलेलं टोक सुकू द्या. ओलं टोक ओल्या मातीत खोचलं की काळं पडून कुजतं. मग २-३ सेंमी खोल, काडीचं निदान एक पेर मातीत जाईल अशी खोचा. २० सेंमी अंतराने लावल्यास चौरस मीटरला २५ काड्या लागतात. आठवड्याभरात मुळं धरतात, तीन-चार आठवड्यांत जमीन झाकते.

लावल्यावर पहिल्या दिवशी पानं मलूल दिसतील. घाबरून पाण्याचा मारा करू नका. मातीत वाफसा (ओल आहे पण चिखल नाही अशी स्थिती) असला की पुरे.

कुंडीत प्रमाण बदलतं. ३० सेंमी व्यासाच्या कुंडीत एका मिरचीभोवती तीन काड्या, ४५-५० सेंमीच्या कुंडीतल्या फळझाडाभोवती सहा. त्याहून जास्त लावल्या तर कुंडीतल्या मर्यादित पाण्यासाठी ओढाताण होते आणि ती आधी मिरचीच्या पानांवर दिसते.

पाणी आणि खत

घोळ कमी पाण्यात कशी तगते हे कळलं की पाण्याचं नियोजन सोपं होतं. ताण नसताना ती मका-ज्वारीप्रमाणे प्रखर उन्हात भराभर वाढते. तिची कार्बन पकडण्याची पद्धत त्यांच्याचसारखी, सी-४ प्रकारची आहे. ताण पडला की ती निवडुंगाची रीत धरते : दिवसा पानांची रंध्रं मिटून घेते, रात्री उघडते आणि आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड सकाळपर्यंत मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. एकाच रोपात या दोन्ही रीती असणं वनस्पतींत विरळा.

याचा व्यवहारातला अर्थ असा की पाणी नेहमी मुख्य पिकाच्या गरजेप्रमाणे आणि त्याच्याच बुंध्याशी द्यायचं. ठिबक असेल तर तोट्या पिकाच्या ओळीत ठेवा, घोळीच्या पट्टीत नको. आच्छादन बसल्यावर पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात, पण ठोकताळ्याने नाही; पट्टीत बोट पाच सेंटीमीटर खुपसून पाहा, ओल लागली तर थांबा. घोळीची पानं टवटवीत आहेत म्हणून पिकालाही पाणी पुरतंय असं समजू नका. ती सर्वांत शेवटी कोमेजते. ओलाव्याची खूण मुख्य पिकाच्या पानांवरूनच घ्यावी.

खताच्या बाबतीत, जमीन तयार करताना चौरस मीटरला दोन ते तीन किलो चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट दिलं असेल तर घोळीसाठी वेगळं काही लागत नाही. मुख्य पिकाला वरखत देताना ते बुंध्याभोवतीच्या मोकळ्या वर्तुळात द्या आणि मातीत मिसळा. नत्र पट्टीवर फेकलं तर घोळ माजते, पिकाच्या वाट्याचं खाते आणि शिवाय पानांत नायट्रेट साठवते. मका पिवळट पडला आणि खालची घोळ गर्द हिरवी असेल, तर नत्र कुठे गेलं ते शोधायला लांब जावं लागत नाही : घोळ जमिनीपासून ४ सेंमीवर छाटा आणि मक्याला वरखत द्या.

खारवट जमिनीत एक जास्तीचा फायदा मिळू शकतो. घोळ मीठ सहन करते आणि थोडंफार उचलतेही. मात्र छाटलेला पाला वाफ्याबाहेर नेला तरच. तिथेच कुजवला तर मीठ परत मातीत.

खुडणी

बी पेरल्यापासून २५ ते ३५ दिवसांत फांद्या १२-१५ सेंमी होतात. पहिली खुडणी तेव्हा. जमिनीपासून ४-५ सेंमी ठेवून, खाली निदान दोन पेरं राहतील असं कापायचं, कारण नवे फुटवे पेरांतूनच येतात. धारदार कात्री वापरा. ओढून तोडलं तर कोवळं रोप मुळासकट येतं. त्यानंतर उन्हाळी हवेत दर १० ते १५ दिवसांनी खुडणी येते. तीन-चार कापण्यांनंतर बुंधे जाड, निबर होतात आणि फुटवे बारीक येऊ लागतात. तेव्हा एक आड एक रोप काढून त्या जागी नव्या काड्या खोचा, म्हणजे जमीन कधीच पूर्ण उघडी पडत नाही.

पूर्ण पट्टी एकाच दिवशी कापू नका. आज निम्मी, आठवड्याने निम्मी. एकदम कापली की भर उन्हात जमीन उघडी पडते, वरचा थर तापतो आणि तेवढ्या चार-सहा दिवसांत दुसरं तण शिरतं.

वेळेचा चवीशी थेट संबंध आहे. वर सांगितलेलं आम्ल रात्रभर साठतं आणि दिवसा उन्हात खर्ची पडतं. म्हणून पाण्याचा ताण असलेली घोळ सकाळी खुडली तर आंबट, दुपारनंतर खुडली तर सौम्य लागते. आंबटपणा नको असेल तर आदल्या दिवशी पाणी द्या आणि दुपारी उशिरा खुडा.

आता कळ्या. उगवल्यापासून चार-सहा आठवड्यांत फांद्यांच्या टोकाला पानांच्या झुबक्यात चपट्या, टोकदार हिरव्या कळ्या दिसू लागतात. फूल दिसायची वाट पाहू नका. ते सकाळी थोडाच वेळ उमलतं, दुपारी पाहणाऱ्याला दिसतही नाही, आणि परागण स्वतःचं स्वतःच उरकतं. फुलल्यावर साधारण आठ-दहा दिवसांत बी पिकतं. फळ पिकलं की त्याचा वरचा अर्धा भाग डबीच्या झाकणासारखा अलगद सुटतो आणि आतलं काळं बी नुसत्या धक्क्याने सांडतं. बोटाने कळी दाबून पाहा : मऊ, ओली असेल तर अजून कळी आहे, टणक, भरीव लागली आणि टोक पिवळट असेल तर आत बी धरलंय. पहिली सापडली तर ती फांदी खाण्यासाठी खुडा. दुसरी सापडली तर ती फांदी कापून थेट पिशवीत टाका, वाफ्यावर झटकू नका.

उपटलेली घोळ मेली असं कधीच समजू नये. मांसल खोडातल्या पाण्यावर ती कितीतरी दिवस जगते, कापलेल्या तुकड्यांना ओल्या मातीत मुळं फुटतात आणि कळ्या असलेली फांदी उपटून टाकल्यावरही बी पिकवते. म्हणून पॉवर वीडर किंवा फावडं चालवून घोळ काढायला जाऊ नका. एका रोपाची वीस होतात. बी धरलेला पाला खतखड्ड्यात टाकायचा तर खड्डा आतून हात सोसवणार नाही इतका तापणारा हवा, नाहीतर ते खत जिथे टाकाल तिथे घोळ उगवेल.

पुढच्या हंगामासाठी बी हवं असेल तर वाफ्यापासून दूर एका कुंडीत एकच रोप वाढवा. फळं पिवळट व्हायला लागली की फांद्या कापून कागदावर सावलीत पसरा. आठवड्याभरात बी कागदावर गळून पडतं. फुंकर मारून कचरा उडवा, कोरड्या बाटलीत भरा.

औषध मारलं असेल तर

मुख्य पिकावर फवारलेलं सगळं खाली घोळीवर ठिबकतं. भेंडी किंवा टोमॅटोसाठी बाटलीवर दिलेला काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ हा त्या फळासाठी ठरवलेला असतो, खालच्या पालेभाजीसाठी नव्हे. पानांवर औषध जास्त राहतं. रासायनिक फवारणी करावीच लागली तर सरळ नियम ठेवा : त्या वेळी असलेली घोळीची वाढ खाण्यातून बाद. ती छाटून टाका आणि नंतर आलेली नवी वाढच खा. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं औषध असेल तर त्या हंगामात घोळीला फक्त आच्छादन समजा. दर आठवड्याला फवारणी लागेल असं पीक असेल, तर त्याखाली खाण्याची घोळ लावण्याचा बेतच सोडावा.

बिघडतं ते असं

पेरलेलं काहीच उगवलं नाही, तर बहुतेक वेळा बी मातीखाली गेलेलं असतं किंवा जमीन थंड असते. वर कडक पापुद्रा धरला असेल तर पाण्याची धार जोरात पडली आहे. उगवलेली रोपं बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडत असतील तर ती मर आहे. पाणी कमी करा, विरळणी करा, माती वरून सुकू द्या.

पानांच्या खालच्या बाजूला पांढरे फोड आणि वर पिवळे ठिपके हा पांढरा तांबेरा. दमट हवेत, वरून पाणी दिल्यावर वाढतो. फोड आलेल्या फांद्या कापून वाफ्याबाहेर न्या, पाणी फक्त बुंध्याशी द्या. या रोगाला औषध मारत बसण्यापेक्षा पट्टी तळापासून छाटणं जास्त लवकर उपयोगी पडतं, नवी फूट बहुधा स्वच्छ येते. पान आतून पोखरल्यासारखं, पारदर्शक डागांचं दिसलं तर आत अळी आहे. अशी पानं चिरडून टाका. चिकट मऊ पुंजके दिसले तर मावा किंवा पिठ्या ढेकूण. पाण्याचा फवारा जोरात मारून धुवा आणि मुख्य पिकाची पानं उलटून तपासा, कारण तिथेही ते पोचलेले असतात.

खोड लाल होणं हा रोग नाही. भरपूर ऊन आणि थोडा ताण यांनी ते तसं होतं. खोड पाणचट होऊन बुंध्याशी कुजलं तर मात्र पाणी साचतंय. निचरा सुधारल्याशिवाय नव्या काड्या लावू नका. पानांवर फिकट-गडद नक्षी उमटून पानं आक्रसली तर विषाणू समजून रोप मुळासकट काढा. त्याच्याकडून मिरची-टोमॅटोला धोका आहे.

खाण्याबद्दल एक इशारा. घोळीत ऑक्झॅलेट बरंच असतं. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी किंवा ज्यांना मूत्रपिंडाच्या आजारामुळे पथ्य आहे त्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच खावी. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिलं तर विरघळणारं ऑक्झॅलेट बरंच कमी होतं.

हंगाम संपताना

मुख्य पीक काढण्याच्या दोन आठवडे आधी घोळीची शेवटची कापणी तळापासून करा. राहिलेले बुंधे पीक उपटताना मुळासकट काढा आणि फरशीवर किंवा पत्र्यावर कडक उन्हात पसरा, पार वाळून चुरा होईपर्यंत. मातीवर पसरले तर त्यातले काही पुन्हा मूळ धरतात.

पुढच्या हंगामात कितीही काळजी घेतली तरी काही रोपं आपोआप उगवतील. त्यांची बीजपत्रं लांबट, मांसल आणि खालून लालसर असतात, त्यामुळे लगेच ओळखू येतात. नव्या पिकाच्या पहिल्या तीन आठवड्यांत ती दिसली तर दया नको : माती वरून कोरडी असताना, उन्हाच्या दिवशी, सकाळी खुरपं वरवर चालवा. बोटभर उंचीची रोपं संध्याकाळपर्यंत सुकतात. हेच काम ढगाळ दिवशी किंवा पाणी दिल्यावर केलंत तर दुसऱ्या दिवशी तीच रोपं जरा बाजूला सरकून पुन्हा उभी असतात.